चार पट्ट्या खाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, चुडाव्याचे शेतकरी आणि आमच्या मैत्री समूहगान मंडळाच्या कोरसातला सगळ्यात जुना आवाज असलेले माननीय दिनकरराव; प्रमुख पाहुण्या, निवृत्त मुख्याध्यापिका आदरणीय कमलबाई; आजच्या सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं मंडळाच्या मुख्य गायिका राहिलेल्या सुलाबाई एंगडे, ज्यांना मी आजवर आक्का म्हणत आलो आणि आज परवानगी न विचारता आक्काच म्हणणार आहे; मंडळाचे सर्व सभासद, आणि उन्हातान्हाचं या सभागृहात आलेल्या पूर्णेकर बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार आणि रामराम.

मी धम्मानंद जोंधळे. पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून लागलो आणि वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालो. सदतीस वर्षांतली प्रगती एवढीच. मंडळात मी पेटी वाजवतो. सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि कामं दोन सांगितली आहेत. एक, येत्या जयंतीच्या हंगामातले आपले कार्यक्रम वाचून दाखवायचे. दोन, आक्कांविषयी चार शब्द बोलायचे. पहिलं काम सोपं आहे, कागदावर लिहिलेलं आहे. दुसऱ्यासाठी मी आठ दिवस कागद घेऊन बसलो आणि चारदा फाडला. म्हणून सोपं काम शेवटी ठेवतो.

माझ्या मागच्या फलकावर ‘निरोप व सत्कार’ असं छापलेलं तुम्ही वाचलंच असेल. त्यातला सत्कार पक्का आहे, शाल आणि पुष्पगुच्छ टेबलावर आलेले आहेत. निरोपाचं मात्र अजून नक्की नाही. आक्का या हंगामात आमच्याबरोबर येणार की घरी बसणार, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. दिनकररावांना त्या म्हणाल्या, ‘‘धम्मानंद काय बोलतोय ते ऐकून ठरवीन.’’ तेव्हा अध्यक्ष महाराज, माझी दहा मिनिटं जरा वाढली तर घंटी वाजवू नका ही विनंती.

मंडळ कसं सुरू झालं हे पुष्कळांना ठाऊक आहे. एकतीस वर्षांपूर्वी विहाराच्या खोलीत सात जण जमलो. जयंतीला बाहेरची गायनपार्टी बोलवायची, ती तीन तास उशिरा येणार, त्यापेक्षा आपणच का गाऊ नये, असा साधा विचार होता. तेव्हा आक्का मुलांच्या वसतिगृहात खिचडी शिजवायच्या. पातेलं ढवळताना गायच्या आणि पोरं ताटं घेऊन ऐकत उभी राहायची. आज आम्ही बावीस जण आहोत. शिक्षक आहेत, रेल्वेतले आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, शेतमजुरी करणारे आहेत. दिनकरराव बाजाराला आले होते. तालीम ऐकत दोन सोमवार दारात उभे राहिले आणि तिसऱ्या सोमवारी चपला काढून आत येऊन बसले. भजनात कमावलेला खर्जातला आवाज आम्हाला असा आयता मिळाला.

आता मुद्द्यावर येतो. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की गाणाऱ्याचा आवाज जिथं आरामात बसतो, तिथली पट्टी धरून पेटीवाला वाजवतो. पट्टी वर गेली तर आवाज ताणावा लागतो, खाली गेली तर सोपं जातं. आक्कांची पट्टी काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी, शेवटची काळी. बाईमाणसालासुद्धा ती उंचच. आपल्या जिल्ह्यात गाणाऱ्या किती बायांची नावं मी सांगू शकेन, ज्या पस्तिशी ओलांडली की तिथून खाली आल्या. आक्का आल्या नाहीत. आणि त्यांची एक रीत होती. बाकीच्या पार्ट्या स्टेजवर आल्या की आधी नमन करतात. आक्का आधी माईक हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘धम्मानंद, काळी पाच दे.’’ मी म्हणायचो, ‘‘दिली, आक्का.’’ मग गाणं. लोक या दोन वाक्यांनाच टाळ्या द्यायचे. दुसऱ्या पार्टीची माणसं पुढच्या रांगेत असली तर आक्का जरा मोठ्यानं मागायच्या, हेही खरं. हसू नका, आक्का, तुम्ही मागायच्या.

मंडळी, गेली अकरा वर्षं मी ‘दिली’ म्हणत होतो आणि काळी पाच देत नव्हतो.

हे वाक्य बोलायलाच मी आज इथं उभा आहे. पुढचं नीट सांगतो, म्हणजे अर्धवट ऐकून कुणी मला थोर समजू नये.

अकरा वर्षांपूर्वी आक्कांना ताप आला होता. सांधे धरून ठेवणारा तो ताप तुम्हाला माहीत आहे, घरटी एक माणूस आडवा होता. महिन्याभरानं आक्का तालमीला आल्या आणि अंतऱ्यावर त्यांचा आवाज चिरकला. परत घेतला, परत चिरकला. एकाही माणसानं मान वर केली नाही. आक्का म्हणाल्या, ‘‘अंगात ताप हाय अजून.’’ पुढच्या सोमवारी मी बोट एक पट्टी खाली सरकवलं. सांगितलं नाही. पेटीची फळी मध्ये असते, समोर बसलेल्याला बोटं दिसत नाहीत. आक्का पूर्ण गाणं मोकळ्या आवाजात गायल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘उतरला बघ ताप.’’ त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला वाटलं, आपण आज काहीतरी चांगलं केलं. दोन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे, बरं वाटलं की परत वर नेऊ.

परत वर कधीच नेलं नाही. तीन वर्षांनी आणखी एक खाली आलो. मग आणखी एक. टाळेबंदीच्या काळात तालमी बंद होत्या, त्यानंतर चौथी. काळी पाचवरून निघालेलो मी, मधल्या पांढऱ्याही धरून चार पट्ट्या उतरत, काळी तीनवर येऊन बसलो. मंडळाच्या वहीत प्रत्येक गाण्यापुढं पट्टी लिहिलेली असते आणि वहीतलं अक्षर माझं आहे. तिथं मी शेवटपर्यंत काळी पाचच ठेवली. सदतीस वर्षं सरकारी फायलीत मी एक खोटी नोंद केली नाही, साहेबांनी दटावलं तरी केली नाही. आणि ज्या वहीला कुणी तपासणारं नव्हतं, ती मात्र खोटी ठेवली.

तुम्ही म्हणाल, मोठ्या बाईचा मान राखला, यात बिघडलं काय? मीही स्वतःला हेच विचारायचो आणि उत्तरही स्वतःलाच देऊन टाकायचो. पण बिघडत होतं आणि मला ते दिसत होतं. पट्टी खाली गेली की आक्कांना सोपं, पण कोरसातले पुरुष त्याच्याही खाली जाणार कुठं? आजचे आपले अध्यक्ष सहा वर्षं जवळपास प्रत्येक गाण्यात खालच्या जागेवर नुसते ओठ हलवत होते. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘धम्मानंदराव, माझं वय झालं वाटतं, खालचा सूर लागंनाच गेलाय.’’ मी त्यांना ज्येष्ठमध चघळा म्हणून सांगितलं. दिनकरराव, तुम्ही सहा वर्षं चघळलेल्या ज्येष्ठमधाबद्दल मी जाहीर माफी मागतो.

दिनकररावांचं हसण्यावारी नेता येतं. मनिषाचं येत नाही. मनिषा, जरा उभी राहा बाळ. ही आमची मनिषा, अंगणवाडीत आहे. सहा वर्षांपूर्वी मंडळात आली. हिचा आवाज मुळात उंच, वरच्या सुरांत मोकळा होणारा. आमच्या उतरलेल्या पट्टीत तो दबायचा, खाली गेला की नुसती हवा यायची. आक्का हिला चारचौघांत बोलायच्या, ‘‘माझं वय बघ आन् तुझं बघ. मी काळी पाच गायलेय आन् तुला कोरसात बी जमंना? घरी बसून पापड लाटावेत की मग.’’ आक्का वाईट मनाच्या नाहीत. त्यांना खरंच वाटायचं की त्या काळी पाचवर गातायत. आणि मनिषाला खरंच वाटायचं की आपल्याला आवाज नाही. एकदा ती माझ्याकडं आली, डोळ्यांत पाणी होतं, म्हणाली, ‘‘काका, मी मंडळ सोडू का?’’ सगळ्या मंडळात खरं काय ते एकट्या मला माहीत होतं. मी म्हणालो, ‘‘रियाज वाढव.’’ बस, मनिषा. खाली बस.

आता पिंगळीचा प्रसंग. गेल्या सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनाला, सकाळी तिथं आपला कार्यक्रम होता. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला तेवीसला झालेलं, धुळीत जायची मनाई. पेटीला सेलूच्या राजेश्रीताई गेल्या. संगीत शिक्षिका आहेत, माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं वाजवतात. आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. ‘‘सर, वही बघितली. आक्कांना सगळीकडं काळी पाच लिहिलंय. एवढी वर? बरोबर हाय ना?’’

मंडळी, मला तिथं सगळं सांगता आलं असतं. आक्कांना नाही, निदान राजेश्रीताईंना तरी. ‘वहीकडं बघू नका, काळी तीन द्या,’ एवढं म्हटलं असतं तर अकरा वर्षांची बारा झाली असती. पण शिकलेल्या बाईपुढं आपली लबाडी कशी उघडी करायची? मी म्हणालो, ‘‘हो, बरोबर आहे.’’ आधीच्या सगळ्याला मी मान राखणं म्हणू शकतो. या ‘हो’ला म्हणू शकत नाही. हा ‘हो’ निव्वळ माझी लाज वाचवायला होता आणि त्याची किंमत आक्कांनी भरली.

पिंगळीला काय झालं ते मी पाहिलं नाही, राजेश्रीताईंनी सांगितलं तसं सांगतो. आक्कांनी माईक घेतला, काळी पाच मागितली. ताईंनी दिली. धृपद कसंबसं निघालं. अंतऱ्याला आवाज फुटला. शाळेची पोरं समोर बसलेली, शिक्षक, गावातली मंडळी. आक्कांनी हात वर करून गाणं थांबवलं आणि माईकवरच म्हणाल्या, ‘‘पोरी, पट्टी चुकली तुझी.’’ ताई म्हणाल्या, ‘‘न्हाई आक्का, काळी पाचच हाय, बघा तुमी.’’ आक्का उठल्या, पेटीपाशी आल्या, वाकून बोट बघितलं. मग त्यांनी स्वतः ती पट्टी दाबून ऐकली.

कार्यक्रम तर पुरा करायचा होता. आक्का मागं वळून मनिषाला म्हणाल्या, ‘‘घे तू.’’ मनिषानं घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला खरी काळी पाच मिळाली होती आणि तो अंतरा तिच्या गळ्यातून असा सहज निघाला की पिंगळीकरांनी पुन्हा एकदा म्हणा म्हणून फर्माईश केली. आक्का कोरसात जाऊन बसल्या आणि शेवटच्या गाण्यापर्यंत टाळी धरून होत्या. एक टाळी चुकली नाही, असं राजेश्रीताईंनी मला मुद्दाम सांगितलं.

दुपारच्या गाडीनं सगळे पूर्णेला आले. आक्का स्टेशनवरून थेट माझ्या घरी. मी डोळ्यावर काळा चष्मा लावून बाजेवर बसलेलो. बायकोनं पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

‘‘किती वर्सं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अकरा.’’

‘‘किती खाली?’’

‘‘चार.’’

मी आपला सारवासारव करायला लागलो, तुमच्या भल्यासाठी केलं, मान राहावा म्हणून केलं, वगैरे. त्या म्हणाल्या, ‘‘माझा मान माझ्याजवळ होता रं. आवाज उतरला तर मी उतरले असते. मला सांगायचं व्हतंस. आवाज काय जल्मभर पुरतोय का कुणाचा? पर तू मला त्या लेकराला बोलायला लावलंस. सहा वर्सं मी तिला बोलले, आन् तू बाजूला बसून ऐकत व्हतास.’’

मला वाटलं होतं त्यांना फजितीचा राग आला असेल. फजितीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर तालमीला नाहीत, रस्त्यात समोर आल्या तर दुसऱ्या बाजूनं. विहारात दिसल्या तर माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलणं. मनिषाच्या घरी मात्र दुसऱ्याच दिवशी गेल्या होत्या. काय बोलल्या ते मनिषा सांगत नाही आणि मी विचारणार नाही. फेब्रुवारीत मंडळाला चिठ्ठी आली, मला मोकळं करा म्हणून. आक्का चाळिशीनंतर लिहायला शिकल्या, त्यामुळे चिठ्ठ्या लांब नसतात. दिनकरराव समजूत घालायला गेले. तेव्हा आक्कांनी अट घातली. ‘‘त्यानं माईकसमोर खोटं सांगितलं. खरं बी माईकसमोरच सांगावं. सगळं. मनिषाचं बी.’’

तर आक्का, सांगितलं. राहिलं असेल ते हे सांगतो. मला तुमचा अपमान होईल ही भीती होती हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. ‘दिली, आक्का’ म्हटल्यावर ज्या टाळ्या पडायच्या, त्यातल्या अर्ध्या मला माझ्या वाटायच्या. तुमची पट्टी उतरली असती तर मी आणखी एका साध्या मंडळाचा साधा पेटीवाला झालो असतो. कार्यालयात मला कुणी ओळखत नव्हतं. काळी पाचवाल्या आक्कांचा पेटीवाला म्हणून जिल्ह्यात ओळखत होते. ती ओळख मला सोडवेना, म्हणून मी तुमच्याशी खोटं वागलो. तुमच्यापेक्षा मोठी कलावंत मी जवळून पाहिलेली नाही आणि तुम्हाला मी लहान मुलासारखं फसवलं. याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. वही मी नव्यानं लिहिली आहे. उंच गाणी मनिषाच्या नावावर, काळी पाच. चार गाण्यांपुढं नाव मोकळं ठेवलं आहे आणि पट्टी लिहिली आहे काळी तीन. ती चार गाणी तुमच्या त्या खालच्या आवाजातच शोभतात. कोणत्या पट्टीत गाताय हे तुम्हाला माहीत असतं, तर तुम्हालाही ते पटलं असतं. नाव लिहायचं की मोकळंच ठेवायचं, हे तुम्ही ठरवा. माझ्या बोटाला आता फळीचा आडोसा नाही. फळी मी काढून टाकली आहे, पेटीवर धूळ जरा जास्त बसते एवढंच.

आता सोपं काम. हंगामातले कार्यक्रम वाचतो, सभासदांनी लिहून घ्यावेत. अकरा एप्रिल, सेलू, महात्मा फुले जयंती, सकाळी अकरा वाजता. चौदा एप्रिल, आपलं पूर्णा, मिरवणुकीच्या आधी सकाळी विहारासमोर. सोळाला चुडावा, तिथं जेवण दिनकररावांकडं, त्यांनी मघाशी मान हलवली आहे. एकोणीसला पिंगळी. हो, पिंगळीच, त्यांनी पुन्हा बोलावलं आहे. त्यापुढची गावं फलकाशेजारच्या कागदावर आहेत आणि समारोप बुद्धपौर्णिमेला परभणीत. सर्वांनी पांढरे...

काय म्हणालात, आक्का?

माईक द्या जरा त्यांच्याकडं. नको म्हणतात. बरं, मीच सांगतो, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. आक्का विचारतायत, ‘‘सेलूला कोणत्या गाडीनं जायचं हाय?’’

मंडळी, सव्वीस नोव्हेंबरपासून आक्का आज पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. मला जरा पाणी द्या.

सकाळच्या पॅसेंजरनं, आक्का. सव्वासातला स्टेशनवर जमायचं. काय? ‘‘मनिषाला सांग, माझ्यापाशी बस म्हणावं.’’ सांगतो, ती ऐकतेच आहे. आणखी? हो... हो, आक्का. हेही मोठ्यानं सांगू? बरं. आक्का म्हणतायत, ‘‘माफ केलं असं समजू नको. सेलू दोन तासावर हाय, गाडीत बोलू.’’

कबूल आहे. समोरच्याच बाकावर बसतो.

अध्यक्ष महाराज, घंटी न वाजवल्याबद्दल आपला ऋणी आहे. प्रमुख पाहुण्या कमलबाई, आपल्या सत्काराचा हार अजून टेबलावरच आहे, हे माझ्या आत्ता लक्षात आलं, तो आधी व्हायला हवा होता. सभागृहातल्या सगळ्यांनी माझं एवढं लांबण शांतपणे ऐकलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव सुटलं असेल, मानपान पुढंमागं झाला असेल, तर तेवढं आपण सर्वांनी पोटात घाला. बाकीचं अकरा तारखेला मला सेलूपर्यंत ऐकून घ्यायचं आहे. जय भीम.